अर्ध्या अँपिअरची गळती

रविवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वहिनी पालथ्या घातलेल्या प्लास्टिकच्या क्रेटवर उभ्या राहून बॅटरीची काळी केबल सोडवत होत्या. उजव्या हातात दहाचा पाना, दातांत मीटरची वायर. गाडी मोठी आहे. सात सीटची, डिझेलवर चालणारी. बॉनेट उघडलं की ते वहिनींच्या डोक्यावर छपरासारखं उभं राहतं. क्रेट नसेल तर त्यांचा हात बॅटरीला पोचत नाही.

"लाल नाही ना काढलीस आधी?" खिडकीतून आवाज आला.

"नाही."

"काळी काढायची आधी."

"हे अजून किती वेळा सांगणार आहात?"

"पाना लालला लावलेला असताना बॉडीला टेकला, की कळेल किती वेळा सांगायला हवं होतं."

ही गाडी अंगणात उभी केलेली नाही, कोंबलेली आहे. डाव्या अंगाला कंपाउंडची भिंत, वीतभर अंतरावर. उजव्या अंगाला घर. ड्रायव्हरचं दार पोट आत ओढून शिरण्यापुरतं उघडतं. गाडी घरी असली की स्वयंपाकघराचं मागचं दारही अर्धंच उघडतं, त्यामुळे वहिनी कपड्यांची बादली आडवी करून बाहेर काढतात. पुढच्या बंपरपासून दोन पावलांवर खोलीची खिडकी आहे आणि खिडकीखाली कप्तानांची कॉट. उशीवरून बॉनेट दिसत नाही म्हणून खिडकीच्या गजाला गाडीचाच एक जुना आरसा बांधला आहे. कप्तान त्यात बघून सूचना देतात.

कप्तान हे त्यांना प्रवाशांनी दिलेलं नाव; त्यांच्या बायकोला म्हणून सगळे वहिनी म्हणतात. बावीस वर्षं त्यांनी याच गाडीने आणि हिच्या आधीच्या दोन गाड्यांनी लोकांना फिरवलं. गाडीला कधी मेकॅनिकचा हात लागू दिला नाही. ब्रेक, क्लच, रेडिएटर, मागच्या सीटचा एसी, अडकणाऱ्या काचा, सगळं घरी, याच अंगणात. तीन वर्षांपूर्वी कॅरिअरवर सामान बांधताना पट्टा सुटला आणि कप्तान पाठीवर पडले. कमरेखाली तेव्हापासून काही हलत नाही. गाडी विकायचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मग गाडी राहिली आणि लायसन्स वहिनींनी काढलं. दुरुस्ती त्या खिडकीतून येणाऱ्या आवाजावर शिकल्या. पहिल्या वेळी रेडिएटरचा पाइप बदलताना चिमटा उलटा बसवला आणि अर्ध्या रस्त्यात गाडीने वाफ सोडली. आता त्या ब्रेकचा आवाज ऐकून पुढचा की मागचा हे सांगतात.

सोमवार, बुधवार, शुक्रवार त्या चार रुग्णांना डायलिसिसच्या क्लिनिकवर नेतात आणि चार तासांनी परत आणतात. या तीन सकाळी वगळल्या, तर वहिनी घराबाहेर पडतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. कप्तानांना ठरल्या वेळी कुशीवर वळवावं लागतं, लघवीची पिशवी बदलावी लागते, पाठ पुसावी लागते. क्लिनिकच्या फेरीपुरती शेजारची नर्स घराची किल्ली ठेवून घेते आणि कप्तानांकडे बघून जाते; बाकी कशासाठी तिला किल्ली ठेव म्हणायला वहिनींना तोंड होत नाही.

शुक्रवारी गाडी सुरू झाली नाही. बॅटरी नवी होती, महिनाही झाला नव्हता, आणि चावी फिरवल्यावर नुसती टकटक. रुग्ण एका पांढऱ्या व्हॅनमधून उशिरा पोचले, एकाची खुर्ची दुसऱ्याला गेली. क्लिनिकमध्ये गाड्यांचं बघणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं, "रविवारी सहाच्या आत मला नक्की कळवा. गाडी तयार नसेल तर ही फेरी पांढऱ्या व्हॅनवाल्याला देऊन टाकते. मग ती त्याचीच."

रविवारी सकाळपासून चार्जर लावून वहिनींनी बॅटरी भरून घेतली होती. चार्जर काढून त्यांनी आता काळी केबल आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला. बंद गाडीतून कुठे करंट गळतोय का, हे बघायची ही साधी रीत. केबल काढून लावली की गाडीतली सगळी यंत्रं जागी होतात. ती पुन्हा झोपेपर्यंत अर्धा तास हात न लावता थांबावं लागतं. ड्रायव्हरचं दार मात्र उघडं हवं, म्हणजे नंतर आतल्या फ्यूजपर्यंत जाता येतं. म्हणून वहिनींनी दाराच्या लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाडला. गाडीला वाटतं दार बंद आहे.

त्या अर्ध्या तासात टेलरकाका आले. चौघा रुग्णांतले सगळ्यात जुने, दोन गल्ल्या पलीकडे राहणारे. काठी टेकत फाटकापाशी थांबले, कारण आत उभं राहायला जागा नव्हती.

"कप्तान, जहाज बुडालं का नुसतं रुतलंय?"

"तू तुझी शिलाई बघ, टेलर."

"शिलाई कधीच सोडली. जन्मभर लोकांच्या कपड्यांत सुया खुपसल्या, आता सगळ्या माझ्यात खुपसून घेतोय." ते वहिनींकडे वळले. "उद्याचं काय म्हणायचं?"

"बघतेय, काका."

"त्या पांढऱ्या व्हॅनची पायरी माझ्या गुडघ्याला येते. परवा दोघांनी मिळून मला गोणीसारखं वर ढकललं. वर तो विचारतो कसा, आजोबा, वजन किती? मी म्हटलं, डायलिसिसच्या आधीचं सांगू की नंतरचं?"

खिडकीतून कप्तानांचं हसू ऐकू आलं. वहिनी हसल्या नाहीत. त्या मीटरकडे बघत होत्या.

"गाडी बरी व्हायला हवी हो," टेलरकाका जाताना म्हणाले. "त्या माणसाच्या गाडीत बोलायची सोय नाही. रेडिओ लावतो."

चारला दहा कमी असताना मीटरवरचा आकडा थांबला. शून्य पूर्णांक अठ्ठावन्न. झोपलेल्या गाडीने याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त खायला नको. अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट रात्रंदिवस कुठेतरी जात होता. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरीचा चांगला तिसरा हिस्सा संपत होता.

"पॉइंट अठ्ठावन्न," वहिनी खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या.

खिडकीतून उत्तर आलं, "डायनॅमो."

"खात्री आहे?"

"आतला डायोड गेला की करंट उलटा फिरतो. मागची जाड वायर काढून बघ."

डायनॅमो इंजिनच्या खालच्या अंगाला, पंख्याच्या मागे बसलेला. वहिनींनी मीटर काढला, कोपरापर्यंत हात पाइपांच्या मधून खाली घातला आणि नट चाचपडत सोडवला. पंख्याच्या जाळीने मनगट सोललं. वायरच्या टोकाला फडकं गुंडाळलं, मीटर पुन्हा जोडला, पुन्हा अर्धा तास. त्या वेळात आत जाऊन कप्तानांना डाव्या कुशीवर वळवलं. आत जायचं म्हणजे गाडीचा बाजूचा आरसा मिटायचा, भिंतीला पाठ लावायची, अर्ध्या दारातून शिरायचं आणि तसंच उलट बाहेर यायचं. कप्तानांचा फोन त्यांच्या छातीवर पालथा होता.

बाहेर येऊन बघितलं. शून्य पूर्णांक अठ्ठावन्न.

"डायनॅमो नाही," वहिनी म्हणाल्या.

"मीटर बिघडला असेल."

वहिनींनी ब्रेकचा सुटा बल्ब मीटरमधून वायर घेऊन चार्जरवर लावून बघितला. पावणेदोन अँपिअर, असल्या बल्बने जितके घ्यावेत तितकेच. "मीटर ठीक आहे."

"मग बॉनेटमधले फ्यूज काढ एकेक करून."

पक्कडीने त्या एकेक फ्यूज उपटत गेल्या आणि मीटर बघून परत खोचत गेल्या. हॉर्न, दिवे, पंखा, डिझेलचा पंप. आकडा जागचा हलेना. साडेचार वाजून गेले होते.

"आता डॅशबोर्डखालचे बघते."

"तिथे काही नसतं. ते सगळे चावीवरचे."

"सगळे कुठे? आतला दिवा आहे, लॉक आहे, घड्याळ आहे."

"डोकं खाली घालून चक्कर येईल तुला. राहू दे. स्टार्टरची वायर बघ आधी."

वहिनी पाना हातात धरून थांबल्या. सायलेन्सर बदलायच्या वेळी याच माणसाने त्यांना एक अख्खी दुपार गाडीखाली झोपवलं होतं आणि मध्ये पाणीही विचारलं नव्हतं. चक्कर येण्याची काळजी त्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदाच ऐकली.

त्यांनी स्टार्टरकडे बघितलं नाही. पोट आत ओढून ड्रायव्हरच्या दारातून अर्ध्या शिरल्या, गुडघे उंबऱ्यावर, डोकं स्टिअरिंगखाली, तोंडात टॉर्च. मीटर काचेतून दिसावा म्हणून बॉनेट आणि गाडीच्या मधल्या फटीत टेकवून ठेवला होता. खालच्या ओळीतला तिसरा फ्यूज आतल्या दिव्याचा. तो बाकीच्यांसारखा नव्हता. त्याला पाठीमागून एक लाल वायर फुटली होती. कंपनीची वायर इतकी स्वस्त नसते. वहिनींनी फ्यूज ओढला आणि मान वर करून काचेतून बघितलं.

शून्य पूर्णांक शून्य चार.

लाल वायर काळ्या टेपने इतर वायरींना बांधून पुढे नेलेली होती. टेप गुंडाळायची ती पद्धत वहिनींच्या ओळखीची होती. दोन महिन्यांपूर्वी रिव्हर्सचा दिवा बघायला वायरमन आला होता, कप्तानांचा जुना दोस्त. त्या तेव्हा स्वयंपाक करत होत्या. एका दिव्याला त्याला तासभर लागला होता आणि चहाचा कप त्याने गाडीतच मागवला होता. वायरीच्या मागे हात घालत त्या डॅशबोर्डमधल्या खणापर्यंत पोचल्या. खणाच्या पाठीमागे काडेपेटीएवढी काळी डबी, दुतर्फी टेपने चिकटवलेली. फ्यूज परत खोचला तसा तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकू लागला.

क्लिनिकच्या अँब्युलन्समध्ये अशीच डबी आहे. अँब्युलन्सचा ड्रायव्हर तिला रोज शिव्या घालतो, कारण तो चहाला कुठे थांबतो हे ऑफिसला तिच्यामुळे कळतं. ही त्यातली स्वस्त जात होती, पोटात स्वतःची बॅटरी नसलेली. भिंतींमधल्या या अंगणात तिला नेटवर्क धड मिळत नसणार आणि ती ते रात्रंदिवस शोधत राहत असणार. वहिनींनी डबी उपटली, आरसा मिटला, भिंतीला पाठ घासत आत गेल्या आणि ती कप्तानांच्या फोनशेजारी ठेवली.

कप्तानांनी डबीकडे बघितलं. मग छताकडे.

"माहीत होतं तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "डायनॅमो उतरवून घ्यायला निघालात माझ्याकडून."

"माहीत नव्हतं. वाटत होतं. एवढीशी वस्तू किती खाणार, म्हटलं."

"नवी बॅटरी घेतली. तेव्हा बोलायचं."

"कसं बोलणार होतो?"

वहिनी कॉटच्या कडेला टेकल्या. हात काळे होते म्हणून ते मांडीवर न ठेवता अधांतरी धरले होते.

"वाटेत बंद पडली असतीस, तर कुठे शोधायचं तुला? मी इथे पडलेला," कप्तान म्हणाले.

"मी बंद नाही पडत, गाडी पडते."

"तेच."

"काय काय दिसतं त्यात?"

"ठिपका दिसतो. हलतो तो. रस्ता माझ्या पायाखालचा आहे, म्हणजे चाकाखालचा. कुठल्या वळणाला गिअर टाकत असशील ते कळतं." त्यांनी फोन उताणा केला. "आणि ठिपका थांबतो तेही दिसतं. पाण्याच्या टाकीमागे. रुग्ण सोडलेस की तिथे."

क्लिनिकपासून घर वीस मिनिटांवर आहे. वहिनी तासाने पोचत. गर्दी होती, असं सांगत. पाण्याच्या टाकीमागे एक मोकळी जागा आहे. तिथे इंजिन बंद करून, काचा वर करून, मधल्या सीटवर पाय पसरून त्या बसत. तिथून फक्त टाकीचे खांब दिसतात.

"मी कधी विचारलं का तुला?" कप्तान म्हणाले. आवाज चढला होता. "दोन महिने बघतोय. एकदा तरी विचारलं?"

"नाही विचारलंत."

"मग?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. काही करत नाही. बसते."

"एकटी?"

"सात सीट आहेत. मला एकच लागते."

कप्तानांच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ते हसू बाहेर आलं नाही. "फेकून दे ती," ते म्हणाले. "आत्ताच. नको ते झेंगट."

वहिनींनी डबी उचलली. इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीपासून कप्तान फेरीच्या वेळी दर दहा मिनिटांनी फोन करत. कुठे पोचलीस, ब्रेक कसा लागतोय, कोणता आवाज येतोय. गाडी चालवत असताना फोन, रुग्णाला आधार देत असताना फोन, टाकीमागे फोन. उचलला नाही तर शेजारच्या नर्सला फोन. टेलरकाका त्या फोनला बिनतारी नवरा म्हणत, वहिनींना राग येत असे. दोन महिन्यांपूर्वी फोन एकदम थांबले. वहिनींना वाटलं, सवय झाली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही; आयती शांतता मिळाली ती घेतली.

आता डबी फेकली, तर बुधवारपर्यंत फोन परत सुरू होणार, हे दोघांनाही कळत होतं. वहिनी उठल्या. दारापाशी जाऊन थांबल्या.

"चावीवर चालणारा फ्यूज कुठला?"

"कशाला?"

"सांगा ना."

गाडी सुरू असेल तेव्हाच त्या फ्यूजला वीज मिळते. डबी तिथे जोडली, की बंद गाडीत बॅटरी गळणार नाही. आणि वहिनींनी टाकीमागे जाऊन इंजिन बंद केलं, की ठिपका जाणार.

"गाडी बंद केलीस की मला काही दिसणार नाही," कप्तान म्हणाले.

"हो."

"परत सुरू होईपर्यंत."

"हो."

"तू परत सुरू केलीच नाहीस तर?"

"सुरू नाही झाली तर फोन करेन."

"मी ते नाही विचारलं."

वहिनींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेपाच होत आले होते. "वेळ नाही आता," त्या म्हणाल्या. "कुठला फ्यूज?"

कप्तानांनी मान खिडकीकडे वळवली. "वरची ओळ. डावीकडून चौथा. लायटरचा." थोड्या वेळाने ते म्हणाले, "दहाचा घाल. पंधराचा नको. वायर पातळ आहे त्या गाढवाने टाकलेली."

पुढचं काम सरळ होतं. वहिनींनी मीटर बाजूला काढला, डायनॅमोची वायर पुन्हा बसवली, नट हाताला लागेना म्हणून एकदा मोठ्याने शिवी दिली. लाल वायर वरच्या ओळीत नेली आणि वायरमनच्या टेपवर आपली टेप गुंडाळली. डबी पुन्हा खणाच्या मागे चिकटवली. मीटर या वेळी अर्धा तास थांबून बघायला वेळ नव्हता. दहा मिनिटांनी आकडा खाली येताना दिसला, तेवढं पुरे झालं. काळी केबल घट्ट केली, बॉनेट खाली पाडलं आणि ड्रायव्हरच्या दारातून आत शिरून चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. अंगण धुराने भरलं. खोलीत फोन टिंग करून वाजला; ठिपका आला असणार.

वहिनींनी गाडी बंद केली नाही. दार लोटून घेतलं आणि तिथेच बसून क्लिनिकच्या बाईंना फोन लावला. सहाला सात मिनिटं कमी होती.

"उद्या येते."

"नक्की ना, वहिनी? मी त्या व्हॅनवाल्याला नाही म्हणून टाकते हं. मग ऐनवेळी माझ्या नाकी नऊ आणू नका."

"नक्की."

"काय झालं होतं गाडीला?"

"वायर," वहिनी म्हणाल्या. "जास्तीची लागली होती."

"डायनॅमो नव्हता ना?" बाईंनी जाणकारीने विचारलं. "आमच्या अँब्युलन्सचा डायनॅमो होता."

"नाही."

फोन ठेवून त्या काही वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. समोर बॉनेट, त्यापलीकडे खिडकी, गज, गजाला बांधलेला आरसा. आरशात कप्तानांचे डोळे होते आणि ते त्यांच्याकडेच बघत होते. मग आतून हाक आली, "अगं, इंजिन चालू आहे. डिझेल जळतंय."

"बॅटरी भरतेय," वहिनी म्हणाल्या.

हे खरं होतं. अर्धा तास तरी चालू ठेवायला हवी होती. साडेसहाला त्यांनी चावी काढली, हात साबण-रॉकेलने धुतले आणि कप्तानांना उजव्या कुशीवर वळवलं. पाठीवर डाव्या बाजूला लाल चट्टा उठला होता. त्यावर मलम लावलं. जेवताना कप्तानांनी फक्त मीठ मागितलं.

क्लिनिकचं फाटक सोमवारी पावणेसहाला उघडतं. टेलरकाकांची खुर्ची दुसऱ्या रांगेतली आहे आणि त्यांचं मशीन सहा वाजता सुरू होतं. त्यासाठी वहिनींना पाच वाजून पाच मिनिटांनी गाडी अंगणातून मागे काढावी लागेल.